थोरलीच्या पदरी धाकटी : केडगावच्या मुक्ती मिशनचा एक इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप कोनशिलेकडे वळते. जागा कोणी घेतली, पायाभरणी कधी झाली, देणगी कुठून आली, कारभार कोणाकडून कोणाकडे गेला. मुक्ती मिशनच्या बाबतीत हे सगळे सांगता येते, आणि त्यातले जरूर तेवढे पुढे येईलच. पण या संस्थेत ख्रिस्ती विश्वास एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेला कसा, कोणी कोणाला हाताशी धरले, कोणी कोणाचे ऐकले आणि कोण कोणाचे न ऐकता आपल्या वाटेने गेले, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगितले की मुक्तीचा इतिहास सांगून झाला, असे समजून आपण मोकळे होतो. खुद्द रमाबाईंना हे फारसे रुचले नसते. त्या स्वतः कोणाकोणाच्या हाताखालून गेल्या होत्या, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

त्यांच्या पहिल्या गुरू म्हणजे त्यांच्या आई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या तरुण पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. धर्मसभेपुढे त्याचा जाब द्यावा लागला तरी ते मागे हटले नाहीत. पुढे वडील थकले, तेव्हा धाकट्या मुलीला शिकवायचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि यात्रेकरूंची ऊठबस, म्हणून शिकवणीची वेळ पहाटेची. झोपेतून उठवून मांडीशी बसवायचे आणि उजाडेपर्यंत श्लोक म्हणून घ्यायचे. हे घराणे हिंदू, शिकवण पुराणांची. ख्रिस्ती विश्वासाशी त्याचा संबंध नाही. पण बाईने बाईला शिकवायचे, कामातून वेळ काढून शिकवायचे आणि पाठ करून घ्यायचे, हा पुढच्या केडगावचा धडा इथलाच.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील गेले, मग थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. संसार सिल्चरला झाला, तोही दोन वर्षांपेक्षा कमी. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. सिल्चरला घरी येणाऱ्या एका बाप्तिस्त मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीची कथा उलगडून सांगितली होती. तेवढ्यावरून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण ऐकून घेण्याची तयारी तेव्हापासून झाली.

कडेवर तान्ह्या मुलीला, मनोरमाला, घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, मिशनरी मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी आणि मराठी नवा करार वाचायला सुरुवात केली. याच काळात त्यांच्या आयुष्यात फादर नेहेम्या गोऱ्हे आले. मूळचे नीळकंठशास्त्री, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. रमाबाईंशी बोलायला याहून योग्य माणूस अख्ख्या इलाख्यात सापडला नसता. शास्त्र त्यांना माहीत होते, घरदार तुटण्याचे दुःख माहीत होते, आणि शंका म्हणजे काय हेही त्यांना चांगलेच ठाऊक होते, कारण ख्रिस्ती झाल्यावरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. रमाबाई विलायतेला गेल्यावर गोऱ्ह्यांनी त्यांना पत्रे लिहिली, दीर्घ, युक्तिवादाने भरलेली. आपला निश्चय होण्यात या पत्रांचा वाटा मोठा होता, असे रमाबाईंनी पुढे कबूल केले. गंमत अशी की बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी गोऱ्ह्यांच्या सगळ्या गोष्टी मान्य केल्या नाहीत, आणि त्या वयोवृद्ध फादरांनी त्यावरही आणखी लिहिले. सांगणारा दमत नाही आणि ऐकणारी मान तुकवत नाही, असा हा पत्रव्यवहार आहे.

विलायतेतला मुक्काम वाँटेजच्या मठात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे रमाबाईंनी आणि दोन वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडे आधी सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. त्या धक्क्याची छाया या सगळ्या काळावर आहे. मठातल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. मायलेकी या आजीबाईंच्या खऱ्याखुऱ्या ऋणात होत्या: राहायला जागा, शिक्षणाची सोय, मनोरमेचे दुखणेखुपणे, सगळे त्यांनी पाहिले.

आणि तरी या दोघींचे बिनसले. रमाबाईंच्या गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत? विलायतेत पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, हे मुंबई-लाहोरच्या बिशपांनी का ठरवायचे? त्रैक्याचा सिद्धान्त पटलेला नसताना तो उच्चारायचा कसा? मनोरमेला काय शिकवायचे, हे आईने ठरवायचे की मठाने? एकेक प्रश्नावर पत्रामागून पत्रे गेली. आजीबाईंना वाटे, ही हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, नम्रता शिकायला हवी. रमाबाईंचे म्हणणे असे की एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून नुकतेच उतरवले आहे. आता दुसरे कोणी देवाच्या नावाने आपली इच्छा लादू लागले तर ती देवाची इच्छा म्हणून मुकाट्याने स्वीकारणार नाही. यातले कोण बरोबर, याचा निवाडा करायचा झाला तर माझे मत रमाबाईंकडे झुकते. पण जेराल्डीनबाईंच्या पदरात एक गोष्ट घालायलाच हवी. त्यांनी ही सारी भांडणाची पत्रे फाडून टाकली नाहीत. स्वतःला दोष देणारी पत्रेसुद्धा जपून, नीट लावून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती छापली, म्हणून आज आपल्याला ही हकीकत कळते.

वाँटेजने रमाबाईंना जे शिकवले त्यात हेही आले: थोरांची माया खरी असते आणि त्यांचा दाबही खरा असतो. केडगावला पुढे जे घडले, त्यात या दोन्हींचा ताळमेळ घालण्याची धडपड दिसते. ती नेहमीच साधली असे नाही.

आधी शारदा सदन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर ते उघडले, पुढच्या वर्षी पुण्याला आले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या वचनाचा. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, ही अट होती. उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची, स्वयंपाकपाण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र सकाळी मुलीला घेऊन प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली दाराशी बसू लागल्या, मग आत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

आपल्या स्मरणिकांतून हा भाग ‘विरोधकांचा छळ’ म्हणून दोन ओळींत उरकण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. पालकांची तक्रार निव्वळ आकसाची नव्हती. घरातून टाकलेल्या, केशवपन झालेल्या, कोणी प्रेमाचा शब्द न उच्चारलेल्या मुलीला एक बाई जवळ घेते, तिची वेणी घालते, आजारात रात्र जागते. ती बाई प्रार्थनेला बसली की ही मुलगी तिच्याजवळ जाऊन बसणारच; त्यासाठी उपदेशाची गरज नाही. ‘मी कोणाला बोलावले नाही’ हे रमाबाईंचे उत्तर खरे होते, आणि तटस्थतेचे वचन तेवढ्याने पूर्ण होत होते का, हा रानड्यांचा प्रश्नही रास्त होता. आपल्या देवघराचे दार आपण का लावावे, असे रमाबाई विचारीत. त्यालाही तोडीचे उत्तर कोणी दिले नाही.

पण एवढे नोंदवले पाहिजे की सदनात राहिलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली नाही. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिथे शिकून, तिथेच काम करून १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली, रमाबाईंविषयीचा जिव्हाळाही तिने राखला, आणि ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात ते दिवस लिहून ठेवले. कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाचे आणि मुक्ती मिशनचे नाते या एका बाईतून जाते. मार्गदर्शन करणाऱ्या थोरलीची खरी पारख, माझ्या मते, अशा धाकटीवरून होते: जी वेगळ्या वाटेने गेली आणि तरी जिला परतून आठवण काढावीशी वाटली.

रमाबाईंचाही प्रवास अजून चालूच होता. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळायचा राहिला होता, अशी जाणीव त्यांना झाली ती १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे अनुभवकथन वाचताना. बाप्तिस्म्याला तोवर आठ वर्षे होऊन गेली होती. नव्या विश्वासणाऱ्याकडून झटपट पीक काढू पाहणाऱ्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

केडगावची जमीन आधी घेतली होती ती फळबागेसाठी, शाळेला हक्काचे उत्पन्न असावे म्हणून. पुणे-दौंड लोहमार्गावरची ती शंभरेक एकर माळरानाची जागा. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या आईवडिलांना भुकेने मरताना पाहिलेल्या या बाईला स्वस्थ बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि रस्त्यावर, अन्नछत्रांत, रेल्वेच्या फलाटांवर सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. सुमारे तीनशे. त्यातच पुण्यात प्लेग आला, सरकारी निर्बंध आले, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. मग तंबू आणि झोपड्या उभारून सगळा संसार केडगावच्या माळावर हलला. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाची कोनशिला बसली. अमेरिकन असोसिएशनचे दहा वर्षांचे वचन त्याच वर्षी संपत होते. पुढे जी संस्था उभी राहिली ती उघडपणे ख्रिस्ती. १९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ आला आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार जीव आणि रमाबाई एक. संस्थेचा खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण इथून पुढे एकटीने काही होणे शक्यच नव्हते. परदेशी मदतनीस मूठभर. मग सांभाळणार कोण? शारदा सदनात वाढलेल्या त्या थोरल्या मुली. काल ज्यांच्या डोक्यावरून रमाबाईंनी हात फिरवला होता, त्या आज मेट्रन झाल्या, शिक्षिका झाल्या, कोठीघर, दवाखाना, विणकाम, स्वयंपाक यांच्या प्रमुख झाल्या. दुष्काळातून आलेली मुलगी म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. अंगावर खरूज, केसांत उवा, पोट फुगलेले. उद्या मिळेल यावर विश्वास नाही म्हणून भाकरी चोरून अंथरुणाखाली लपवायची. शिवी, ओरबाडणे, पळून जाणे. बोली वेगवेगळ्या, हिंदी, गुजराती. मराठीचा गंध नाही. त्यांना आंघोळ घालून, जेवू घालून, शेजारी निजवून माणसात आणायचे काम विशी-पंचविशीतल्या विधवांनी केले. शास्त्रपाठ नंतर आला. आधी साबण आला.

पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात वयस्क स्त्रियांवर तरुण स्त्रियांना वळण लावण्याची जबाबदारी टाकली आहे. महिला मंडळाच्या सभांतून त्या अध्यायावर आपण पुष्कळ संदेश ऐकतो, आणि बहुधा ते संदेश घरकाम आणि मर्यादेपाशी येऊन थांबतात. मुक्तीने त्याचा अर्थ फार मोठा केला. इथल्या थोरलीला घर नव्हते, नवरा नव्हता, वयही फारसे नव्हते. धाकटीपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेले, एवढीच वडीलकी. कालची धाकटी आज थोरली होई, हे संस्थेचे रोजचेच गणित.

दिवस घंटेवर चाले. प्रार्थना, शाळा, मग हातकाम: माग, तेलाचा घाणा, गोठा, शेत, धोबीखाना, शिवण. आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन होते, यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावाचे. तिथे टोपल्या विणणे आणि ब्रेलने वाचन. ब्रेल शिकवले ते मनोरमाबाईंनी. वाचता येणारी आंधळी मुलगी मग डोळस पण निरक्षर बायकांना बोटांनी वाचून दाखवी. या एका दृश्यासाठी मुक्तीच्या सगळ्या इमारती ओवाळून टाकाव्यात.

आता १९०५ साल. त्याआधी मनोरमाबाई आणि मुक्तीतल्या परदेशी मदतनीस मिनी अब्राम्स या दोघींना ऑस्ट्रेलियात चाललेल्या जागृतीच्या सभा पाहायला पाठवले होते. वेल्समधल्या जागृतीची वार्ताही आली होती. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने येणाऱ्यांना हाक दिली. सत्तर जणी उठल्या. हा आकडा वाढत साडेपाचशेवर गेला. दिवसातून दोनदा जमायचे. २९ जूनच्या पहाटे थोरल्या मुलींपैकी एक आपल्या अंगावर अग्नी उतरल्याच्या अनुभवाने जागी झाली. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली. ही शेजारीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार एवढ्यात कळले की जळत काहीच नाही. अब्राम्सबाईंना उठवले तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना वर्गच्या वर्ग प्रार्थनेत कोसळला. रडणे, पापकबुली, मोठमोठ्याने प्रार्थना. शाळा कित्येक दिवस बंदच राहिली.

या घटनेचा अर्थ वाचकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती आधी पेटलेली ती थोरली मुलगी. ही मोठी जागृती व्यासपीठावरून खाली उतरली नाही. ती निजायच्या खोलीतून वर चढली, आणि पंडिता, मिशनरी, पाळक यांना ती नंतर कळली. रमाबाईंचे मोठेपण यात की त्यांनी ती दाबली नाही. पुष्कळ मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत नव्हता. अशिक्षित मुलींचा भावनातिरेक असे शेरे आले. हिंदी मंडळीला आपल्या रीतीने देवाशी बोलू द्या, विलायती साच्यात घालू नका, अशी भूमिका रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून मांडली. वाँटेजच्या क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणारी बाई बावीस वर्षांनी थोरलीच्या जागेवर बसली होती, आणि जे स्वतःला मिळाले नव्हते ते मुलींना देत होती.

मग या मुलींच्या प्रार्थना-टोळ्या आसपासच्या गावांत निघाल्या. रोज वेगवेगळ्या टोळ्या, प्रत्येकीबरोबर एखादी जाणती बायबलबाई. याचा पडसाद कुठवर गेला पाहा. अब्राम्सबाईंनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवले. ती मैत्रीण दक्षिण अमेरिकेत चिली देशात वाल्पाराइसोला मिशनरी हूव्हर यांची पत्नी. ते पुस्तक वाचून तिथल्या मंडळीत १९०९ मध्ये जी जागृती झाली, तिच्यातून चिलीतली पेंतेकोस्त चळवळ उभी राहिली. दौंड तालुक्यातल्या एका निजायच्या खोलीतली गोष्ट अशी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोहोचली.

जागृतीविषयी जेवढे लिहिले जाते त्या मानाने छापखान्याविषयी फारच थोडे. मला वाटते, मुलींना देऊ केलेली सर्वांत टिकाऊ शिदोरी तिथेच तयार झाली. रमाबाईंनी सुमारे १९०४ पासून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. इब्री आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची भाषा पंडिती, आणि माळावरच्या बाईला ती समजत नव्हती. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता. त्यांनीच जड संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढावेत, यात एक त्यागही आहे. वाचणाऱ्या मुलीला मध्ये कोणाची गरज पडू नये, अगदी रमाबाईंचीसुद्धा, हा हेतू.

आणि छापणाऱ्या मुलीच. खिळे जुळवणे म्हणजे डोळे फोडण्याचे काम. मराठीत जोडाक्षरांमुळे खण शेकडो. कोणता खिळा कुठल्या खणात, हे हाताला पाठ व्हावे लागते. ओळ उलटी वाचायची, काना-मात्रा-वेलांटी तपासायची, प्रूफ काढायचे, चूक सापडली की चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा, फर्मा आवळायचा, छपाई, घडी, शिवण, बांधणी. यातले सगळे काम मुक्तीच्या बायकांनी केले. नव्या मुलीला ते कोणी शिकवायचे? जुनीने, शेजारी उभे राहून. जी मुलगी योहानाचे शुभवर्तमान अक्षर-अक्षर करून उलटे जुळवते, दोनदा तपासते आणि पुन्हा प्रुफात वाचते, तिला वेगळा शास्त्रपाठ घ्यावा लागत असेल असे वाटत नाही. नवा करार १९१२-१३ च्या सुमारास निघाला. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आले, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. शेवटची प्रुफे तपासूनच त्यांनी डोळे मिटले, असे मुक्तीत सांगितले जाते.

वारसा कोणाकडे जाणार हे ठरलेले होते. मनोरमाबाईंनी विलायत आणि अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या, निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आईच्या सावलीत वाढलेल्या मुलीचे हे आयुष्य. स्वतःची हौस म्हणून काही केल्याची नोंद त्यात शोधूनही सापडत नाही. वाँटेजमध्ये आई आणि आजीबाई यांच्या ओढाताणीत जी पोर मधोमध होती, तिला स्वतःला काय वाटत होते, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. हृदयविकाराने २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला त्या गेल्या, अवघ्या चाळिशीत. आईने मुलीला पुरले. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

आखलेला वारसा असा तुटला. पुढे कारभार परदेशी भगिनींकडे आला, मग हळूहळू भारतीय हातांत. देणग्या आटल्या, वाढल्या. दुष्काळाच्या मुलींची जागा टाकलेल्या तान्ह्या मुलींनी, निराधार बायांनी, अपंगांनी घेतली. कायदे बदलले, शाळा वाढल्या. तो तपशील याच स्मरणिकेतल्या इतर लेखांत आहे. इतकेच म्हणतो की संस्थापिका आणि वारसदार एका वर्षात गेल्यावर बहुतेक संस्था विस्कटतात. ही विस्कटली नाही, कारण तोवर मेट्रन, शिक्षिका, बायबलबाया, छापखान्यातल्या थोरल्या यांची एक पिढी उभी होती, आणि त्यांच्या हाताखाली दुसरी.

आज मंडळीतली तरुण मुले प्रश्न विचारतात, आणि वडील मंडळींना ते उद्धटपणाचे वाटतात. त्यांनी गोऱ्ह्यांची पत्रे काढून पाहावीत. तरुणांनाही जेराल्डीनबाईंचा संग्रह वाचायला हरकत नाही. रागावलेल्या म्हातारीने किती वर्षे कागद जपले ते कळेल.

हा इतिहास लिहिण्यात एक अडचण राहून गेली आहे. रमाबाईंची पत्रे आहेत, गोऱ्ह्यांची आहेत, आजीबाईंची आहेत, परदेशी मदतनीसांची पुस्तके आहेत. पण ज्या थोरल्यांनी दोन हजार मुली पंखाखाली घेतल्या, त्यांची नावे तुरळक सापडतात, आणि जी सापडतात ती इंग्रजी अहवालांत, स्पेलिंगने मोडलेली. मुक्तीतून लग्न होऊन गेलेल्या मुली पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, विदर्भात, गुजरातपर्यंत पसरल्या. त्यांच्या नाती-पणत्या आज आपल्याच मंडळ्यांत बाकावर बसतात. ज्यांच्या घरी केडगावला वाढलेली आजी किंवा पणजी होती, त्यांनी एवढे लिहून संपादकांकडे द्यावे: तिचे मुक्तीतले नाव, ती कुठल्या दुष्काळात किंवा कशी आली, कोणत्या खात्यात काम करी, शास्त्राचे कोणते अध्याय तिला पाठ होते, तिला कोणी सांभाळले आणि तिच्या हाताखाली कोण होती. जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला काही लिहिले आहे का तेही पाहावे. तारीख नक्की आठवत नसेल तर नुसते साल चालेल.